अण्णांचा बास मागून येतो

२ नोव्हेंबर, रविवार
नितीनच्या माडीवर रेकॉर्डिंग. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना वाकळा टांगल्यात, बाळंतिणीची खोली वाटते. दोन गाणी झाली. खरं तर दीड. दुसऱ्याच्या ऐन शेवटाला खालून उसाचा ट्रॅक्टर गेला, वर गाण्यांचे भोंगे लावलेले. माझा शेवटचा सूर त्यातच गेला. कारखाने सुरू झालेत, आता उन्हाळ्यापर्यंत हेच.

पण अण्णा! ठोका पडून जातो, मग सावकाश त्यांची तार बोलते. मी आणि नितीन एकमेकांकडे बघतच राहिलो. जॅझमध्ये असं मागे राहून वाजवणं लोकांना जन्मभर जमत नाही, यांना सत्तरीत जमायला लागलं. म्हटलं, "अण्णा, असंच वाजवा. अजिबात घाई करू नका."
हसले नुसते. "बरं की."

५ नोव्हेंबर, बुधवार
दादाने विचारलंच. "इंग्लिश रडगाणी कोल्हापुरात ऐकणार कोण?" कोणी नाही. तरी करायची आहेत. वीस वर्षं कॉलेजात मागणी-पुरवठा शिकवतेय, एवढं एक माझं. अमेरिकेतली जुनी आठ गाणी, हजारांनी गाऊन झिजवलेली. आम्ही ती अर्ध्या वेगाने करतोय. नितीनचा पियानो, अण्णांचा बास, मी. बस.

अण्णा चंदगडचे. तरुणपणी गोव्याला हॉटेलच्या बँडमध्ये बास शिकले, मग परत येऊन एमआयडीसीत टर्नर आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. इंग्रजीचा गंध नाही. गाण्यांना नावं त्यांनीच ठेवलीत: चंद्राचं, बोटीचं, बाई रुसली ते. आणि पुरुषभर उंचीच्या त्या बासला म्हणतात म्हस. टेम्पोतून उतरवताना ओरडतात, "दमानं रं, शिंग मोडंल."

९ नोव्हेंबर, रविवार
सहा झाली. बोटीचं एका दमात. हेडफोन नाहीत, वेगळ्या खोल्या नाहीत, तिघं एकमेकांच्या हाताच्या अंतरावर. माझी अट. चुकलं तर तिघांचं चुकेल, नंतर कापाकापी नाही. नितीन म्हणतो, हट्टी आहेस. आहे.

चहाची कपबशी अण्णांच्या हातात वाजत होती. थंडी म्हणाले. थंडी कुठे एवढी?

१६ नोव्हेंबर, रविवार
सात. 'बाई रुसली' आज इतकं हळू झालं की श्वास पुरेना. ओळ संपते आणि अण्णांचा सूर येतच नाही, येतच नाही, मग येतो. त्या रिकाम्या जागेत मी काहीतरी निराळंच गायले. इतकं चांगलं मी कधी गायले नव्हते. अण्णांना वाकून नमस्कार केला. ते का कोण जाणे, अवघडले.

आता फक्त चंद्राचं. त्याची सुरुवात एकट्या बासची.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
काकूंचा फोन, कॉलेज सुटताना. अण्णांना कंपवात आहे. डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, म्हणे वर्षभर तरी झालं असेल. काकू म्हणाल्या, "सदऱ्याची बटणं लागंनात त्यास्नी. मी म्हटलं, आळस कराय लागल्यात."

आणि आम्ही काय म्हटलं?

२२ नोव्हेंबर, शनिवार
गेलो दोघं. अण्णा खाटेवर, नेहमीसारखे. मीच रडले, शोभा झाली.
"अण्णा, बोलायचं नाही का? हात जड झालाय म्हणून?"
"बोलणार हुतो की. पण तुमी दोघं म्हणालासा, लई भारी, असंच वाजवा. मला वाटलं, बरं झालं, ह्ये बी चालतंय."
नितीन उठून बाहेर गेला, चपला न घालताच.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सातही गाणी पुन्हा ऐकली. ऐकवत नाहीत. मी जिथे जिथे डोळे मिटून वाट पाहत होते, तिथे तिथे तो माणूस बोट उचलायला झगडत होता. आणि गाणी सुंदर आहेत. याचं काय करू? अजून सुंदरच आहेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
नितीनच्या मते पुण्याच्या एका बासवाल्याला बोलावून सगळा बास नव्याने भरावा. होणार नाही. एकाच खोलीत वाजवल्यामुळे अण्णा माझ्या माइकमध्ये आहेत, पियानोच्या माइकमध्येही. काढायचे तर मलाच पुसावं लागेल. माझी अट. होणार नाही याचं बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा संताप आला.

७ डिसेंबर, रविवार
गोळी घेतल्यावर थोडा वेळ हात मोकळा असतो. तो वेळ धरून रेकॉर्डिंग ठेवलं. आणि अण्णांनी चंद्राचं वाजवलं, काय वाजवलं! सुरुवात स्वच्छ, ठोक्यावर. मी शेवटच्या कडव्यात, आणि खालून ट्रॅक्टर. चढाला थांबलाच मेला, चाकाला पाचर लावून, भोंगा चालू ठेवून. मी खिडकीतून शिव्या घातल्या, अगदी गल्लीतल्या. ड्रायव्हरने हात जोडले, आवाज काही कमी केला नाही.
अण्णा हसत सुटले. "त्येचं बी पोट हाय, पोरी." पुन्हा सुरू करेपर्यंत हात गेला होता.

१४ डिसेंबर, रविवार
नाही झालं. गोळीही लागू पडली नाही. "ह्येवढ्या एका गाण्याचा बास मशिनवर करा की," म्हणाले. मी नाही म्हटलं. मग ते तासभर म्हशीला फडक्याने पुसत बसले.
मी हे कोणासाठी ओढतेय? त्यांच्यासाठी म्हणते. खरंच का?

२१ डिसेंबर, रविवार
नको म्हणून सांगायचं ठरवून गेले होते. तर अण्णा आधीच येऊन बसलेले, इस्त्रीचा सदरा, बटणं काकूंनी लावलेली.
"अण्णा, सात पुरेत."
"आठ म्हणालतीस न्हवं?"

उभे राहिले. नितीनने रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिला सूर आला. मग दुसरा, बराच मागून. तिसरा येईना. बोट तारेवर होतं, दिसत होतं, थरथरत होतं. नितीनचे हात पट्ट्यांवर तसेच. मी ओळीसाठी भरलेला श्वास सोडून दिला, पुन्हा घेतला. खालून ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं आलं, गेलं. नितीन यंत्राकडे वळला तशी मी मानेनेच नको म्हटलं. अण्णांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"थांबा की," म्हणाले, तारेकडे बघत. "येतंय."