मी न ओढलेला हुक्का

वढवाण

पूज्य मोटीबेन,

तुझ्या धाकट्या भावाचे, किरीटचे, पायाला हात लावून जय जिनेंद्र. तुझे गुडघे कसे आहेत? बनेवींची, म्हणजे तुझ्या यजमानांची, साखर (आणि त्यांनी चोरून खाल्लेले पेंडे) आटोक्यात असतील असं धरून चालतो. इथे आम्ही मजेत आहोत, आणि हे रिवाजापुरतं लिहीत नाही, खरंच मजेत आहोत. जिवाला घोर एकच. तुझ्या गल्लीतल्या दोशींकडून आपल्या ध्वनीसाठी ना होकार, ना नकार. त्यांचा मौलिक आम्हाला फार आवडलाय. ध्वनी तर त्याचं नाव निघालं की तव्यावरचा खाखरा करपवते. हे स्थळ हातचं गेलं तर मला जन्मभर चुटपुट लागेल बघ. पण त्याकडे मागाहून येतो, आधी माझं मशीन.

माझं घोरणं तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तरू तर कित्येक वर्षं स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी झोपत होती. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत तुमचा श्वास मध्येच थांबतो, आणि एक मशीन गळ्यात मारलं (खरं तर नाकावर). नाकावर मुखवटा, मुखवट्याला नळी, नळीतून रात्रभर हवा. घोरणं असं बंद झालं की पहिल्या सकाळी तरू घाबरून माझी नाडी बघायला आली! आता ती बरण्या सोडून खोलीत परत आलीय. या वयात मला नव्याने लग्न झाल्यासारखं वाटतं (हे बनेवींना वाचून दाखवू नकोस).

पण सुख एकटं येईल तर ते आपल्या घरचं कसलं? सकाळी उठावं तर तोंडाचं वाळवंट. जीभ टाळूला चिकटलेली, ओठ फुटलेले. आणि यंदा चातुर्मासात मी चौविहार धरलाय, म्हणजे सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. तूच म्हणाली होतीस ना, किरीटला एक व्रत निभावेल तर शपथ! म्हणून हट्टाने धरलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत तुमचं तोंड उघडं राहतं, सगळी हवा तिथून पळते. तरू लगेच म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, जागेपणी तरी कुठे मिटतं?’ मग त्यांनी मशीनला पाण्याची छोटी टाकी जोडायला सांगितली, म्हणजे हवा ओलसर होऊन येते. झालं! मला शंकेने घेरलं. रात्री ओली हवा आत घेतली तर चौविहार मोडला की राहिला?

म्हटलं, उपाश्रयात जाऊन महाराजसाहेबांनाच विचारू. गेलो ते भल्या सकाळी, घशाखाली पाणी उतरायच्या आत. महाराजसाहेब वयाने थकलेले, कानाने त्याहून. व्याख्यानाला आलेल्या बायका मागे बसलेल्या. मी ओरडून सांगू लागलो, साहेब, पाण्याची टाकी आहे, तिला नळी आहे, नळी तोंडाशी धरून रात्रभर श्वास ओढतो. आता बघ माझं नशीब. कोरड्या जिभेने नेमका ‘श्वास’ गिळला, आणि उरलं काय, तर पाणी, नळी आणि ‘ओढतो’! महाराजसाहेबांनी डोळेच मिटले. म्हणाले, ‘किरीटभाई, या वयात हुक्का?’ मागे बायकांची कुजबुज सुरू झाली. मी हातवारे केले, पण त्यांना तो पश्चात्ताप वाटला. त्यांनी कौतुकाने मला उपवासाचं प्रायश्चित्त दिलं आणि मी घेतलंही. करणार काय, जीभ सुटेना!

दुसऱ्या दिवशी मशीनच घेऊन गेलो. पण उपाश्रयात वीज वापरायची नाही, मग ते चालणार कसं? शेवटी मुखवटा चढवून मी आडवा झालो आणि तोंडाने घोरून दाखवलं. आधी मशीनशिवाय, मग मशीनसकट, म्हणजे गप्प. महाराजसाहेब इतके हसले की त्यांची तोंडावरची मुहपत्ती थरथरली. म्हणाले, ‘अरे, पाण्याचं राहू दे, आधी तोंड मीट. मी इतकी वर्षं व्याख्यानात तुला हेच सांगतोय.’ घरी येऊन तरूने माझ्या जुन्या धोतराची पट्टी शिवली, हनुवटीखालून डोक्यावर गाठ. दिसतो मी दाढ दुखणाऱ्या माकडासारखा, पण सकाळी तोंड लोण्यासारखं मऊ! टाकी नको, पाणी नको, चौविहार शाबूत. मोटीबेन, काय सांगू, उठल्या उठल्या मी स्तवन म्हटलं आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या.

वर्षभरात कळत नकळत तुझं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. कळत दुखावलेलं जरा जास्त असेल.

तुझा किरीट

ता. क. : खरी गोष्ट आता. उपाश्रयातल्या त्या बायकांपैकी एकीचं माहेर भावनगरचं, दोशींच्या शेजारी. होणारा व्याही हुक्का ओढतो, हे त्यांच्या कानावर गेलं असणार, म्हणूनच ते गप्प आहेत. तू आजच जा आणि सांग की तो हुक्का नव्हे, घोरण्यावरचं मशीन आहे.

ता. क. २ : थांब, जाऊ नकोस! तरूने आत्ता सांगितलं की मी गप्प झाल्यापासून घरात दुसरं घोरणं ऐकू येतं. ध्वनीच्या खोलीतून. माझ्या आवाजाखाली पोरीचा आवाज इतकी वर्षं झाकून होता! घोरण्याचं नाव काढलंस तर ते पहिला प्रश्न मुलीबद्दलच विचारतील. तेव्हा हुक्काच राहू दे. सांग, ओढत होता, आता सोडला, प्रायश्चित्तही घेतलं. माझ्या नावाचं काय, लेकीपुढे ते किती मोठं?

ता. क. ३ : फोई, मी तुमची भाची ध्वनी. पप्पांनी पत्र टपालात टाकायला दिलं, ते मी वाचलं. घोरण्याचं मी मौलिकला पहिल्याच भेटीत सांगितलंय. तो म्हणाला, बरं झालं, त्याची आई घोरते आणि त्या आवाजाशिवाय त्याला झोपच लागत नाही. होकार पक्का आहे, चातुर्मास संपला की त्याच्या घरचे बोलतील. पप्पांना मात्र इतक्यात सांगू नका. माझ्यासाठी हुक्का पत्करलाय म्हणून कालपासून ते घरभर ताठ मानेने फिरतायत, आणि मला ते फार फार आवडतायत.