विहीणबाईंना चार्ज देताना

१० नोव्हेंबर, सोमवार
मुलगा-सून, निखिल-केतकी, ऑफिसला, नात ईरा दुपारपर्यंत नर्सरीत. चहा गार होईपर्यंत पेपर वाचायचा, ही इथली, आखातातली माझी चैन.
आज तीही चैन गेली. तिसऱ्या मजल्यावरची सुजाता दारात. कडेवर मिनू, अकरा महिन्यांची. शेजारच्या बिल्डिंगमधली बाई हॉलमध्ये मिनूसकट पोरं सांभाळायची, घरमालकाने बंद करायला लावलं. सुजाता सलूनमध्ये, नवरा तिकडे रुवैसला रिफायनरीत, पंधरवड्यातून एकदा येतो.
"काकू, फक्त दोन दिवस. तेवढ्यात काहीतरी बघते."
दोन दिवस म्हणजे किती ते मला कळतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये "दोन मिनिटं होल्ड करा" म्हणण्यात हयात गेली.
घेतली.

१३ नोव्हें.
दोन दिवस संपले. चालू आहे.
मिनू रडत नाही, बघत बसते. पंख्याकडे, माझ्या बांगडीकडे. वरणभात खाते. केतकी यायच्या आत सुजाता घेऊन जाते.
के.ला सांगितलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१९ नोव्हें.
ईराने जेवताना बिंग फोडलं. "मिनू एट माय चीज. अँड आजी लाफ्ड!"
"आई, मिनू कोण?"
सांगितलं. के. ओरडत नाही, आवाज खाली आणते, ते जास्त लागतं. "घशात काही अडकलं, पडली, तर? इथे लायसन्सशिवाय मुलं सांभाळता येत नाहीत. आणि तुम्ही व्हिजिट व्हिसावर."
तिचं खरं आहे. घाबरली होती बिचारी.
"नर्सरीत का नाही घालत ती?" तेही सुजाताने बघून झालं होतं. "पंधराशे दिरहम. म्हणजे छत्तीस हजार रुपये झाले, काकू. मग मी कामाला कशाला जाऊ?" हेच वाक्य के.ला ऐकवलं.  तिची स्वतःची नोकरी दोन फुकटच्या आज्यांवर चालते, हे तिला कळतं. हुशार आहे.
निखिल फोनमधून मान वर न करता, "आई, खलास कर ना हे, प्लीज."
ह्याला मी शेजारच्या इनामदारवहिनींकडे टाकून शिफ्टला जायचे. चार वर्षं. त्यांच्याकडेही लायसन्स नव्हतं. 
ठरलं ते असं: मी आहे तोवर मिनू येईल. पुढे के.च्या आईला ह्यात ओढायचं नाही.

२५ नोव्हें.
माझा व्हिसा संपत आला. एक आजी उतरते, दुसरी चढते, ह्या घराची रीतच आहे. बॅगही एकच. विहीणबाई डोंबिवलीहून भरून आणतात, मी रिकामी नेते, पुढच्या खेपेला उलट.
सुजाताला कोणी मिळालेलं नाही. दहा डिसेंबरचं, बुधवारचं तिकीट काढलंय. मिनूला गडहिंग्लजला आईकडे ठेवून परत येणार. "शाळेच्या वयाची झाली की आणीन." सांगताना मिनूचे मोजे सरळ करत होती. सरळच होते.
ह्या बिल्डिंगमध्ये अशी आणखी दोन घरं आहेत. पोरं गावी, आईबाप इथे, संध्याकाळी मोबाईल उभा करून जेवतात. परवा एका पोराने आईला मावशी म्हटलं म्हणे.
मला काय त्याचं, असं दिवसभर म्हणून पाहिलं. वाईट वाटलं. फार.

२८ नोव्हें.
के.ला न विचारता विहीणबाईंना फोन. आधी गुडघे, मग लोणचं, मग विषयावर आले. शोभाताई एकदम तुटक. "मी माझ्या नातीसाठी येते हो. दुसऱ्यांची पोरं सांभाळायला नाही. आणि ह्या वयात माझ्याच्याने होणार आहे का?"
बरोबरच आहे. मिनू दारात यायच्या आधी मीही हेच म्हटलं असतं.

४ डिसें.
शोभाताई आल्या. बॅग फोडली. मेतकूट, भाजणी, ईराला फ्रॉक दोन नंबर मोठा.
चार्ज दिला. गॅस, नर्सरीची वेळ, ईराचा रुसवा किती वेळ टिकतो. मिनूचं नाव काढलं नाही. के. तिथेच उभी होती.

५ डिसें., शुक्र.
एक्स्चेंजमध्ये नियम होता: रिलीव्हरने, म्हणजे पुढच्या पाळीच्या बाईने, हेडफोन चढवल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही. सोडला की मेमो.
आज सोडला. सुजाता यायच्या वेळेला "कोथिंबीर आणते" म्हणून खाली गेले. कोथिंबीर घरात होती. ग्रोसरीवाल्याशी टोमॅटोवर गप्पा मारल्या, बाकावर बसले. चार वेळा घड्याळ पाहिलं, खोटं कशाला लिहू.
परत आले तर बाथरूममधून पाण्याचा आवाज. शोभाताई पाटावर, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, मिनू त्यांच्या पायांवर पालथी. तेलाने चकचकीत.
"पाठ किती कोरडी आहे पोरीची! तेल लावत नव्हतात वाटतं?"
"राहून गेलं," मी म्हटलं. टोमणा आनंदाने गिळला.
"आता दारात पोर घेऊन उभी राहिली तर काय तोंडावर दार लावू? आजच्यापुरतं हं."
आजच्यापुरतं.
संध्याकाळी सुजाता आली तेव्हा मिनू पावडर लावून झोपली होती. शोभाताई तिला काही बोलल्या नाहीत. के.लाही नाही. मीही नाही.

६ डिसें., शनि.
एअरपोर्ट. बॅग रिकामी, तरी निखिलने उचलू दिली नाही. निघताना ईरा, "बाय आजी, कम बॅक सून." शोभाताई स्वयंपाकघरातून, "पोचलात की कळवा." तेल गरम करत होत्या. ईरासाठी असेल.
गेटपाशी सुजाताचा फोन. "काकू, बुधवारचं तिकीट अजून रद्द केलेलं नाही. सोमवारी मला सलूनला जायचंय. मिनूला कुठे सोडू?"
मागे एक मलयाळी बाई बाळाला थोपटत होती. बोर्डिंग सुरू झालं.
म्हटलं, "नेहमीच्याच दारात ये. बेल वाजव."
"उघडतील?"
"वाजव तर."