कुंकू लावलेला दगड

हॅम्बर्ग, ६ ऑक्टोबर २०२४

ती. सुरेखाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हॅलो हॅलो करतेस, म्हणून हे लेखी. आल्झो, म्हणजे इथल्या भाषेत ‘तर’, मला लग्न करायचंय. मुलगी मैत्रेयी. मॉरिशसची, पण मराठी. तिचे पूर्वज रत्नागिरीकडून करारावर उसाच्या मळ्यात गेले होते. व्हिसाच्या कचेरीत तीन तास रांगेत उभे होतो, तिथे ओळख झाली. तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे, हे तूही मान्य करशील.

इथल्या विवाह नोंदणीसाठी श्टान्डेसआम्ट नावाच्या सरकारी कचेरीला नाताळाच्या आत तारीख कळवायची आहे. पण आईबाबांमागे तूच मला वाढवलंस. तू हो म्हटल्याशिवाय मी तारीख घेणार नाही.

तुझ्या रागासकट लोभ हवाच आहे.
तुझा हृषिकेश

दापोली, २० ऑक्टोबर

चि. हृषिकेशास अ. उ. आ.

मुलगी तू पाठवलेल्या फोटोत चांगली दिसते. तू मात्र वाळलायस. त्या देशात पाव सोडून काही मिळतं की नाही?

लग्नाची पहिली पत्रिका कुळदैवतापुढे ठेवतात. तिच्याकडची कुठे ठेवणार? देवीचं नाव, गाव काही आहे का? हे कळेपर्यंत माझा होकार धरू नकोस. मला वाईट वाटतंय, पण मनात एक आणि कागदावर एक मला जमत नाही.

पोटभर जेव, मग माझ्यावर चीड.
आत्या

हॅम्बर्ग, २ नोव्हेंबर

ती. आत्यांना मैत्रेयीचा सा. न.

तुमचा प्रश्न माझ्यासाठी आहे, म्हणून उत्तर मीच देते. आमच्या देवीचं नाव आम्हाला माहीत नाही.

दोन भाऊ बोटीत बसले होते. सगळं ठाऊक असलेला थोरला वाटेतच वारला. धाकट्याला नाव आठवेना. आमचं बेट ज्वालामुखीचं. ऊस लावण्याआधी काळे दगड वेचावे लागत. त्यांचे ढीग अजून शेतात घराएवढे उभे आहेत. लग्नाआधी देवीला सांगावं लागतं, एवढं त्याला माहीत होतं. त्याने ढिगातला एक दगड धुतला, शेताच्या कडेला मांडला, कुंकू लावलं. सहा पिढ्यांची लग्नं आम्ही तिथेच सांगितली. माझंही तिथेच सांगणार.

खोटं नाव सांगता आलं असतं. हृषी जेवतो, मी लक्ष ठेवते.

राग आला तरी आशीर्वाद द्यावा.
मैत्रेयी

दापोली, २१ नोव्हेंबर

चि. सौ. कां. मैत्रेयीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी देवीला कौल लावायला गावी गेले. खोटं कशाला बोलू, डावा कौल पडावा, देवीने नको म्हणावं, असंच मनात होतं. देवळात गुरव चांदीचा मुखवटा उतरवून घासत होता. आत काय, तर काळा दगड. ना नाक, ना डोळे. त्याला विचारलं तर म्हणाला, देवी हीच, मुखवटा तर माझ्या आज्याच्या वेळचा.

साठ वर्षं मी हात जोडतेय आणि मला हे माहीत नव्हतं. मग तुझ्या त्या एकट्या पडलेल्या खापरपणजोबांचं काय चुकलं? मला फार लाज वाटली, पोरी. कौल न लावताच परतले.

हृषीला म्हणावं, तारीख घे. आमची पत्रिका गुरवाकडे देईन. तुमची ठेवायला तुझ्याबरोबर मी येणार. आजच पोस्टात जाऊन पासपोर्टचा अर्ज केला. तिथल्या बाईंनी व्यवसाय विचारला. मी म्हटलं, वरमाय.

तुझीही आत्या