प्लासीची लढाई, १९४२

नंदनवन, नागपूर
मंगळवार

चि. रितिका हिस,

मामाचे मनापासून आशीर्वाद. कामिनीताईचा गुडघा आता कसा आहे? अकरावीचं गणित तुला जड जातंय, असं तिच्याकडूनच कळलं. (माझ्या मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतेस, त्यावरून तुझा अंगठा ठणठणीत आहे एवढंच कळतं.) म्हणून हे कागदावर लिहितो आहे.

सध्या सदर भागात आम्हा इतिहास शिक्षकांचं प्रशिक्षण चालू आहे. वर्गात स्मार्ट बोर्ड आणि मोबाइल वापरून इतिहास कसा शिकवायचा, हा विषय. शिकवणारे उन्मेष सर सत्तावीस वर्षांचे, म्हणजे मी नोकरीला लागलो तेव्हा ते दुसरीत असावेत. (हा हिशेब मी केला. करायला नको होता.) काल त्यांनी मला बोर्डाजवळ बोलावलं, तर मी वीस वर्षांच्या सवयीने हाताने खडू पुसल्यासारखं केलं आणि अख्खं मौर्य साम्राज्य नाहीसं झालं. सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन वहीत लिहिताना लक्षात आलं की मी खरा हसलो नव्हतो.

आज मोबाइलवर चाचणी होती. वीस प्रश्न, प्रत्येकाला वीस सेकंद, आणि शेवटी सगळ्यांचे गुण नावासकट समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर. मी चष्मा वर-खाली करून पहिला प्रश्न वाचेपर्यंत तिसरा आला. शेजारी काटोलकडचे बाबाराव सर बसले होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. ते मोबाइल मांडीवर ठेवून शांतपणे बोट ठेवत होते. रितिका, मी पाहिलं. एकदा नाही, सोळा वेळा. ते वरून दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवत, की मीही दुसऱ्यावर. तिसऱ्यावर, की तिसऱ्यावर. प्रश्न वाचायची गरजच उरली नाही.

निकाल लागला. बाबारावांना अठरा, मला दोन. पडद्यावर सगळ्यांत खाली माझं नाव, आणि नंतर उत्तरांच्या यादीत असं दिसलं की माझ्या मते प्लासीची लढाई १९४२ साली झाली. उन्मेष सरांनी हसत खुलासा केला, "पर्यायांचा क्रम प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा असतो बरं का, कॉपी होऊ नये म्हणून!" मी कबुली द्यायला उभा राहिलो (देवाशपथ, द्यायचीच होती), तर त्यांना वाटलं माझं नेट गेलं, आणि त्यांनी मला वायफायचा पासवर्ड सांगितला. मी तो लिहून घेतला आणि खाली बसलो.

जेवणाच्या सुट्टीत बाबारावांनी डब्यातली पाटोडी माझ्या पुढ्यात सरकवली. म्हणाले, "काहून चोरून पाहून राहिले होते जी? मले विचारलं असतं तं सांगितलं असतं ना!" आणि मग, "आपण पोरायचे पेपर यासाठीच हिसकतो, नाही का?" त्यांनी ते सहज म्हटलं. मी पाटोडी परत त्यांच्याकडे सरकवली.

कारण तीन वर्षांपूर्वी, आठवीच्या सहामाहीत, मी तुझा पेपर हिसकावून घेतला होता. प्रश्न प्लासीच्या सालाचाच होता. सगळ्या वर्गासमोर अर्धा तास तुला उभं ठेवलं, आणि भाचीलाही सोडलं नाही म्हणून घरी येताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. (वहीत तसं लिहिलंय. आज ते पान काढून वाचलं.) तुला अर्धा तास मिळाला, मला वायफाय मिळालं. तू का पाहिलंस, हे मात्र मी तुला कधी विचारलंच नाही. माझं कारण आता मला ठाऊक आहे. मला येत नव्हतं म्हणून नाही पाहिलं. साल मला झोपेतसुद्धा सांगता येतं. आपल्याला जमत नाही हे चारचौघांना दिसू नये, म्हणून पाहिलं. तुझंही तसंच काही असेल, तर मी तुझ्याशी चुकीचं वागलो. नसेल, तरीही अर्धा तास फार होता. मला माफ कर.

कामिनीताईला नमस्कार सांग.

तुझा मामा,
अमोल

ता. क. शनिवारी फेरचाचणी आहे. शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर बेसाहून इकडे येशील का? वीस सेकंदांत वाचून बोट कसं ठेवायचं, ते मला शिकव. मामी सांबारवडी करणार आहे.

ता. क. २. आमच्या मुख्याध्यापकांना निकाल माहीत नाही. सोमवारपासून बाकीच्या शिक्षकांना मी शिकवणार, अशी सूचना त्यांनी फळ्यावर लिहून टाकली आहे. खडूने.

ता. क. ३. सराव करताना मी तुझ्या मोबाइलकडे डोकावलो, तर खुशाल मला अर्धा तास उभं कर. आणि दया येऊन उत्तर सांगावंसं वाटलंच, तर कितवा पर्याय ते सांगू नकोस. साल सांग.