मानेखाली न पोचणारा निरोप

३ नोव्हें. ९८
यांना अंबाजोगाईहून घरी आणलं. आमच्या युसूफ वडगावात शिरताना जीपमागं पोरं धावली. केबलची छत्री बसवताना गच्चीवरून पडले ते मानेवरच. आता हात कोपरापर्यंत हलतात. छातीखाली काही नाही. लघवीला नळी.
सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. मागोमाग यांच्या केबलची दोन गिऱ्हाईकं: चित्र कधी दिसणार?

५ नोव्हें.
उशा लावून बसवलं. डोळे फिरले, मान टाकली. घाबरून आडवं केलं तर शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणालेच होते, एकदम बसवू नका, रक्त पायाकडं उतरतं. ऐकलं होतं, पण बघितल्यावर कळलं.

९ नोव्हें.
दुपारी म्हणाले, "डोकं फुटतंय गं." तोंड लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा, आणि पाय गार, काटा आलेला. गावातल्या डॉक्टरांनी बी.पी. बघितलं, दोनशेच्या वर. आडवं निजवून इंजेक्शन दिलं. आणखी वाढलं. दिसेना म्हणाले.
तसंच अंबाजोगाई. तिथल्या डॉक्टरांनी आधी उठवून बसवलं, मग चादर वर केली. नळी मांडीखाली मुडपली होती. सरळ केली, पिशवी भरली, बी.पी. उतरलं.
एवढंच होतं.

१० नोव्हें.
डॉक्टरांनी कागदावर माणूस काढून सांगितलं. खाली काही दुखलं-तटलं की मज्जातंतू रक्ताच्या शिरा आवळतात. मेंदू 'बास' म्हणतो, पण तो निरोप मानेखाली पोचत नाही. शिरा आवळलेल्याच राहतात. जिभेखाली ठेवायची गोळी दिली. तिच्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू होतो, शिरा सैल करतो. निरोगी माणसाच्या शिरा तो आपल्या आपणच बनवतात. "पण आधी बसवा, मग कारण शोधा. उतरलंच नाही तर गोळी. उशीर झाला तर डोक्यातली शीर फुटंल."
हेही पडल्या पडल्या ऐकत होते.

१६ नोव्हें.
परत तसंच. बसवलं. नळी सरळ, पिशवी ठीक. शेवटी कुशीवर केलं तर माझ्या बांगडीचा तुकडा, पाठीत रुतलेला. यांना कळलं नाही, अंगाला कळलं. बांगड्या काढून ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, "सवाष्णीनं हात मोकळे कावून ठेवावेत?" कारण सांगितलं. नारायणगडाला नवस बोलल्या म्हणे.

२१ नोव्हें.
अंग पुसत होते. हे म्हणाले, "पुढच्या बारीला असं झालं तर बसवू नको."
"कावून?"
"डॉक्टर काय म्हणले ऐकलंस की. तू बी सुटशील."
"मला न्हाई सुटायचं."
"मला सुटायचंय."
पाणी गार झालेलं. बदलायला गेले ते चुलीपाशीच बसले.

२२ नोव्हें.
कुणाला सांगितलं नाही. यांना बसवायचं कसं ते सासूबाईंना दाखवलं. त्यांना यांचं वजन उचलवत नाही. खांद्याखाली हात घालून नुसत्याच रडल्या.

२६ नोव्हें.
सकाळी मागं धुणं वाळत घालत होते. आत आले तर कपाळ घामानं भिजलेलं, कानशिलं उडताहेत. हाक मारली नव्हती. आवाज शाबूत आहे यांचा. डोळे उघडे, माझ्याकडंच.
मी उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग बसवलं.
नळीत गाळ अडकलेला. औषधपाण्यानं धुतली, निघेना. शेवटी बदलली. घरातली शेवटची. उतरलं हळूहळू. गोळी लागली नाही.
दुपारी पेज भरवायला गेले, यांचं तोंड मिटलेलं. संध्याकाळी दोन घास घेतले. का घेतले, विचारलं नाही.
उद्या नव्या नळ्या आणायला केजला जायला पाहिजे. घरी सासूबाईच. म्हणाल्या, "जा तू, मी बसते उशाशी." हे तिकडं तोंड करून पडलेले.
जावं का.