चौदा नंबरची जागा आणि ताजे टायर

१२ एप्रिल, सकाळ
सुट्टीत राहायचा ट्रेलर शेडमधून बाहेर काढला. टायरच्या खाचेत पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, उभी घालून पाहिली. नाण्यावरच्या लिंकनचं डोकं अर्धं बुडालं. म्हणजे टायर उत्तम. एक काम संपलं.

बायकोने, मर्नाने, पुन्हा बजावलं. जानेवारीत पहाटे कॉम्प्युटरसमोर बसून तिने तळ्याकाठच्या कॅम्पातली चौदा नंबरची जागा पटकावली आहे. तीन जुलैला, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ट्रेलर तिथे उभा नसेल तर जागा दुसऱ्याला जाणार. तिच्या सगळ्या बहिणी येणार आहेत. गेल्या वर्षी आपण गेलो नाही, हे तिने तीनदा सांगितलं. गेल्या वर्षी माझा ब्रेकचा अभ्यास चालू होता. ब्रेक अजून झकास आहेत, पण त्याचं कौतुक कोणाला?

१४ एप्रिल
ट्रेलरवाल्यांच्या ऑनलाइन मंडळात सामील झालो. डोळे उघडले. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होऊन फुटतात. पेनी घालून बघणारे अडाणी असतात. (मी फक्त खात्री करत होतो.) टायर कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात बनला ते त्याच्या एकाच बाजूवर चार आकड्यांत छापलेलं असतं, आणि ती बाजू नेमकी आतल्या अंगाला येते. चिखलात पाठीवर झोपून वाचलं. आमचे नऊ वर्षांचे!

मर्नाला सांगितलं. ती म्हणाली, मग आजच नवीन घे, किराणा दुकानाच्या शेजारीच मिळतात. हसू आलं. टायर म्हणजे काय बटाटे आहेत?

२ मे
संकल्प: या महिन्यात टायर घेणे. रोज एक तास वाचन.

९ मे
रोज पाच तास वाचन होतंय. मंडळात दोन तट आहेत. एक म्हणतो खास ट्रेलरचेच टायर, दुसरा म्हणतो पिकअपचे. मी दोन्हीकडून भांडलो. लोक मला ओळखू लागले आहेत.

२५ मे
मेमोरियल डेचा सेल. घेतले नाहीत. मोठ्या सुट्टीच्या सेलमध्ये जुना माल खपवतात, असं मी स्वतःच मंडळात लिहिलं होतं. शब्दाला जागायला हवं.

ड्वेनचा फोन. ड्वेन म्हणजे माझा साडू, मर्नाच्या धाकट्या बहिणीचा, व्हर्लाचा नवरा. म्हणाला, मिलो, तुझ्या ट्रेलरला टायर बसले का, की या वर्षीपण तळं फोटोतच बघणार? नाकाने कांदे सोलायची सवय आहे त्याला. त्याने गेल्या वर्षी दहा मिनिटांत टायर घेतले. आठवडा पाहिला का, विचारलं. म्हणाला, हो, मंगळवार होता.

१४ जून
मर्ना टायरबद्दल बोलायची थांबली आहे. पूर्ण विश्वास टाकलाय बाईने.

१५ जून
टायरवर ऊन पडू नये म्हणून पांढरी कव्हरं मागवली. नवीन टायरांसाठी. तयारी अशी हवी.

३० जून
सापडले! कान्सासमध्ये एक दुकानदार आहे, त्याच्याकडे एकोणिसाव्या आठवड्याचे टायर आहेत. अगदी मे महिन्यातले. एवढे ताजे टायर पूर्ण नेब्रास्कात कोणाकडे नसतील. पैज लावतो.

२ जुलै, सकाळ
निघालो. मर्नाने पिकअपची चावी दिली नाही. म्हणाली, माझी छोटी गाडी ने, पेट्रोल कमी खाते. व्यवहार कळतो तिला. वर डबाभर कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, दिले, आणि म्हणाली, घाई करू नकोस, सावकाश ये. किती हा जीव!

२ जुलै, संध्याकाळ
दुकानदाराने अकराव्या आठवड्याचे पुढे केले. मी हसून नाकारले. एकोणिसाव्याचे गोदामातून उद्या सकाळी येतील. मोटेलमध्ये आहे. मर्नाला फोन केला. रागावली नाही. मागे कुठेतरी हातोडीचे आवाज येत होते. म्हणाली, टीव्ही आहे.

३ जुलै, दुपार
टायर मिळाले. एक डिकीत, दोन मागे, एक शेजारच्या सीटवर. गाडी पीं पीं करायची थांबेना, म्हणून त्यालाही पट्टा बांधला.

घरी पोचलो. ट्रेलर नाही. पिकअप नाही. शेजारचा लोवेल कुंपणावर वाकून म्हणाला, अरे, मर्ना काल टायर बसवून आज सकाळीच गेली की! फाटकातून काय सफाईने वळवला ट्रेलर! मी म्हटलं, असं आमचं ठरलंच होतं. ती लहानपणी बापाचा मक्याचा ट्रक चालवायची, हे खरं. पण मक्याला वळणं कळत नाहीत.

३ जुलै, सूर्यास्ताच्या सुमारास, तळं
चौदा नंबरवर आमचा ट्रेलर. बहिणी, मुलं, धूर, बर्गर. मला चार टायरांसकट पाहून ड्वेन ओरडला, आलं वरातीमागून घोडं! सगळे हसले. मर्ना सर्वात जास्त. इतकी हसताना तिला मी गेल्या वर्षभरात पाहिलं नव्हतं. जरा लागलं.

कुठून घेतलेस, विचारलं. किराणा दुकानाच्या शेजारून, ती म्हणाली, ते बसवत होते तोवर केस कापून आले. मोबाइलची बॅटरी लावून ट्रेलरखाली पाठीवर सरकलो. शिळे निघणार याची खात्री होती. ते पुराव्यानिशी सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

तेविसावा आठवडा.

माझ्यापेक्षा चार आठवड्यांनी ताजे. चारही तपासले. बराच वेळ खालीच पडून होतो. शेवटी मर्ना वाकून म्हणाली, मिलो, बाहेर ये रे, बर्गर गार होतोय. ड्वेनने विचारलं, काय सापडलं? मी म्हटलं, नट घट्ट आहेत.

माझे टायर मुलांनी शेकोटीभोवती मांडले. एकावर मर्ना बसली आहे, तिच्या शेजारच्यावर मला जागा ठेवली आहे. बसायला चांगले आहेत. झोपण्याआधी त्यांना कव्हरं घालायची आहेत. इथे सकाळचं ऊन थेट पडतं.