थुंकीतलं नातं

ड्रमनाकोर, मेयो, आयर्लंड
९ जुलै २०१८

चि. फिंटन यास ईटाताईचे अनेक आशीर्वाद.

रागाने लिहायला बसले आहे, हे आधीच सांगते. फोन करणार होते, पण तुझ्या छातीची घरघर ऐकली की माझा राग विरघळतो, आणि या वेळी तो मला विरघळू द्यायचा नाही.

काल मिस्सा आटपून घरी येते तो दारात भाड्याची गाडी. आतून एक अमेरिकन बाई उतरली. पंचेचाळिशीची, गुडघ्यापर्यंत चड्डी, पायात पांढरेफेक बूट, आपल्या अंगणात! ओळख ना पाळख, सरळ गळ्यात पडली. नाव डार्लीन, ओहायोत शाळेची बस चालवते म्हणे. तुम्हाला मावशी म्हणू की आत्या, असं विचारलं. मी म्हटलं, बाई, मला भाची एकच, तुझी ओर्ला, ती तिकडे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असते, आणि तीही वर्षातून एकदाच फोन करते. तुम्ही घर चुकलात. दर उन्हाळ्यात अशी दोन-चार येतातच. प्रत्येकाला आपला पणजोबा राजा होता असं वाटतं, एकाचाही गुराखी नसतो.

तर तिनं फोन काढून मला काय दाखवावं? तुझं नाव! फिंटन डर्कन, जवळचा नातेवाईक. म्हणे तू नळीत थुंकलास आणि ती थुंकी तपासायला पाठवलीस. शी! पोस्टाने! ज्या पिशवीतून लोकांची लग्नाची बोलावणी जातात त्याच पिशवीतून! त्रेसष्ट वर्षांचा घोडा झालास, कोणासमोर थुंकावं एवढीही अक्कल आईनं दिली नव्हती का?

थांब, अजून आहे. चहा ठेवला, कारण दारात आलेल्याला चहा दिल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. तर तिनं पिशवीतून पत्र्याचा डबा काढून टेबलावर लोण्याच्या बशीला टेकवून ठेवला. मला वाटलं बिस्किटं. झाकण उघडायला हात पुढे केला तर म्हणते, ती माझी आई आहे. राख, फिंटन! बशीतलं लोणी कुत्र्याला घातलं.

या रोझमेरीबाईंची, म्हणजे डब्यातल्या, शेवटची इच्छा की रक्ताच्या माणसांत पुरावं. म्हणून ती राख आपल्या आईबाबांच्या कबरीत ठेवायची, तीही बारा ऑगस्टच्या आत. त्या दिवशी कबरींचा रविवार, सगळा गाव आपापल्या कबरीशी उभा असतो, तेव्हा तिलाही आपल्याबरोबर उभं राहायचंय. कबर माझ्या नावावर आहे. माझ्या होकाराशिवाय तिथली माती हलणार नाही, आणि होकार मी देणार नाही. तसं तोंडावर सांगितलं.

तुझ्या यंत्राची चूक झाली आहे, एवढं त्यांना कळव. तब्येतीला जप. रागावले असले तरी माया आटलेली नाही, तुझीही आटू देऊ नकोस.

तुझी थोरली बहीण,
ईटा


कॉव्हेंट्री
१५ जुलै २०१८

ती. ईटाताईस फिंटनचा शि. सा. न.

पत्र मिळालं. वाचताना इतका हसलो की नर्सबाईंनी ऑक्सिजनची नळी परत नीट बसवून दिली. कुत्रा तरी लोणी खाऊन खूश असेल. थुंकण्याचा गुन्हा कबूल. ओर्लानं नाताळात ती डीएनए तपासायची पेटी दिली, मला वाटलं अंगात थोडं समुद्री लुटारूंचं रक्त निघेल, म्हातारपणी मिरवायला होईल. निघाली डार्लीन.

पण ताई, यंत्राची चूक नाही. मी दोनदा विचारून घेतलं. डार्लीन माझी अर्धी भाची लागते. म्हणजे तिची आई रोझमेरी तुझी-माझी अर्धी बहीण. आई किंवा बाप, दोघांपैकी एक आपला. जन्म एकोणीसशे सत्तेचाळीस, तुझ्या पाच वर्षं आधीचा. तिच्या जन्माच्या दाखल्यावर डब्लिनच्या एका नवराबायकोचं नाव आहे, त्यांनीच तिला अमेरिकेला नेलं. पण त्या दोघांच्या माणसांशी डार्लीनचं रक्त अजिबात जुळत नाही. कागद खोटा, थुंकी खरी. तेव्हा तोंड वाकडं करू नकोस.

कबरींच्या रविवारचं लिहिलंस आणि लहानपण आठवलं. सगळ्यांच्या घरी जेवण निवत असायचं, आणि आई मात्र प्रार्थना संपली की तळ्याकाठच्या त्या पडीक तुकड्याकडे चालू लागायची. बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं पुरायचे ना तिथे, किलीनमध्ये. दयाळू होती, दुसऱ्यांच्या पोरांनाही फुलं न्यायची. आपण गाडीत भुकेनं कोकलायचो. एकदा मी वैतागून भोंगा दाबला, तर बाबांनी फाडकन थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच हात उचलला त्या माणसानं. का, ते आजपर्यंत कळलं नाही.

त्या बिचारीला हाकलू नकोस. बहिणीचा धाक आहे तेवढाच लोभही राहू दे.

तुझा,
फिंटन


ड्रमनाकोर
२० जुलै २०१८

चि. फिंटन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आई की बाप, असं विचारतोस? हा काय प्रश्न झाला? आई म्हणजे आपली सबीना डर्कन, जिनं मला कोपराच्या वर बाही चढवू दिली नाही, जी गुड फ्रायडेला आरशाकडेसुद्धा बघायची नाही. मग उरलं कोण?

बाबा! रोज रात्री गुडघे टेकून आपल्याकडून जपमाळ म्हणवून घेणारे बाबा! कुठे कोणाला पोटुशी करून आले आणि वर आपल्या आईशी लग्नाला उभे राहिले. मला त्यांची इतकी किळस आली की भिंतीवरचा फोटो काढून बटाट्यांच्या खोलीत नेऊन ठेवला, तोंड भिंतीकडे करून. त्यांचा पाइप इतकी वर्षं जपून ठेवला होता, तोही चुलीत टाकणार होते. नाही टाकला, पण चिमट्यानं उचलून दूर ठेवला.

आणि ती डार्लीन! रोज सकाळी कबरस्तानात जाते आणि आपल्या कबरीवरचं गवत उपटते. कोणाला विचारून? काल मी गेले तर गुडघ्यावर बसून आईच्या नावातलं शेवाळ दात घासायच्या ब्रशनं काढत होती. रागवायला तोंड उघडलं तर तिनं वर बघितलं. फिंटन, तिची हनुवटी आपल्याकडची आहे. मधोमध खळगा, तुला आहे तसाच. मला आणखीच चीड आली.

आता नीट ऐक. बाबांचं पाप मी आईच्या उशाशी पुरणार नाही. आईनं जन्मभर त्या माणसाची धुणी धुतली, मेल्यावर तरी तिला हे बघायला लावणार नाही. हे माझं शेवटचं सांगणं. ब्रीडा लावेलनं दुकानात मला विचारलंसुद्धा की तुमच्याकडे पाहुणी कोण. गावभर वास सुटायला वेळ लागणार नाही.

औषधं वेळेवर घे. माझ्यावर चिडलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी थोरली बहीण,
ईटा


कॉव्हेंट्री
२६ जुलै २०१८

ती. ताईस शि. सा. न.

बसून वाच. चहा घेऊन बस.

बाबांचा फोटो बाहेर काढ. डार्लीनशी ज्यांचं रक्त जुळतं त्यांच्या यादीत बाबांकडचं एकही माणूस नाही. आपले ते गॉलवेचे डर्कन चुलतभाऊ, तिघेही तपासून बसलेत, त्यांच्याशी तिचं काही लागत नाही. लागतं ते शिकागोच्या मार्टिन मुलरॉयशी. मार्टिन म्हणजे आपल्या आईचा सख्खा चुलतभाऊ की लांबचा, ते तुला ठाऊक. पण मुलरॉय, ताई. आईचं माहेर.

रोझमेरी आईची मुलगी आहे. लग्नाच्या चार वर्षं आधीची. आई वीस वर्षांची होती.

ओर्लानं ती यादी वाचून दाखवली. मला आईची किळस आली नाही, तुला येईल का याची भीती वाटते. तू कोणाला एकदा मनातून उतरवलंस की परत चढवत नाहीस. म्हणून हात जोडतो, निकाल देण्याआधी डेलिया गॉनकडे जा. आईची बालमैत्रीण आता तेवढीच उरली आहे. वृद्धाश्रमात आहे, पण डोकं शाबूत आहे असं तूच लिहिलं होतंस.

आणखी एक. 'अर्धी' ही यंत्राची भाषा. आपण तिघं एका पोटची. तेव्हा हुकूमत जरा आवर, तू आता थोरली राहिली नाहीस! हस की थोडंसं.

लोभ आहे, तो कुठे जाणार नाही.

तुझा,
फिंटन


ड्रमनाकोर
३ ऑगस्ट २०१८

चि. फिंटन यास आशीर्वाद.

हसू आलं नाही. डेलियाकडे जाऊन आले. सगळं लिहिते.

मी सरळच विचारलं. डेलिया म्हणाली की सबीनानं शपथ घातली होती, पण आता सगळेच मेले, शपथ पाळायची कोणासाठी. मुलगा कापणीला आलेल्यांपैकी होता. तो इंग्लंडला गेला, त्याला कळलंही नाही. आईच्या वडिलांनी, आपल्या आजोबांनी, फादर टूहीला बोलावलं. दोघांनी मिळून आईला शहरातल्या एका सुईणीकडे नेऊन ठेवलं. बाळ झालं आणि फादर टूहीनं खोलीत येऊन सांगितलं की ते मेलेलंच जन्मलं. आई सांगत होती की मी रडणं ऐकलं. हो, फिंटन, तिनं ऐकलं होतं. तर तो म्हणाला, तापात असे भास होतात, पोरी, आता देवाची माफी माग.

बाप्तिस्मा नाही म्हणून पवित्र मातीत जागा नाही. आजोबांनी तिला किलीनमध्ये नेलं, एक पांढरा दगड दाखवला आणि सांगितलं, इथे ठेवलंय. त्या दगडाखाली काही नव्हतं. पोर तोवर डब्लिनला दुसऱ्याच्या मांडीवर दूध पीत होती. आईनं बेचाळीस वर्षं नुसत्या मातीला फुलं वाहिली, आणि आपण गाडीत बसून जेवायला उशीर होतो म्हणून तिच्या नावानं बोटं मोडत होतो.

डेलिया म्हणाली, बाबांना ठाऊक होतं. आईनं लग्नाआधीच सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते की तू जात जा, मी थांबेन. तुला थोबाडीत कशासाठी बसली ते आता कळलं ना? बाबांचा फोटो पुसून परत लावला. त्यांच्याशी बराच वेळ बोलले.

पण मला किळस कशाची आली, सांगू? फादर टूहीची कबर चर्चच्या दाराशी, सर्वांत उंच क्रॉस. दर वर्षी कबरींच्या रविवाराआधी तो घासून धुण्याचं काम आईकडे होतं. बादली घेऊन, गुडघ्यावर बसून, त्याच्या नावातली घाण ती ब्रशनं काढायची. तिच्यामागे ते माझ्याकडे आलं. इतकी वर्षं मी त्या माणसाला अंघोळ घातली, फिंटन! हात कितीदा धुतले, तरी वास जात नाही असं वाटतंय. आजोबांचीही तीच गत. ज्यांच्यासाठी रोज प्रार्थना केल्या ती ही माणसं!

डार्लीनला सगळं सांगितलं. आईनं रडणं ऐकलं होतं, हे ऐकल्यावर ती माझ्या चुलीपाशी जमिनीवरच बसली. तिची आई मरेपर्यंत म्हणायची की मला कोणी नको म्हणून टाकलं. मीही तिच्याशेजारी बसले. माझे गुडघे कसे आहेत तुला ठाऊक आहे, उठताना तिला हात द्यावा लागला.

होकार दिला आहे. तुझी घरघर ऐकावीशी वाटते, एकदा फोन कर. माया असू दे.

ईटा


ड्रमनाकोर
१३ ऑगस्ट २०१८

प्रिय फिंटन, अनेक आशीर्वाद.

काल कबरींचा रविवार झाला. पाऊस नव्हता, फक्त वारा. सगळा गाव नटूनथटून आपापल्या दगडाशी उभा. राख आदल्या दिवशीच ठेवली, आईच्या कुशीच्या बाजूला. राखेला जागा ती किती लागते! तुझी आणि माझी जागा शिल्लक आहे, काळजी नको. डार्लीननं विचारलं, मी कुठे उभी राहू. मी तिला हाताला धरून माझ्यापुढे उभं केलं. ब्रीडा लावेलची मान इतकी लांब झाली की मला वाटलं आता तुटते. शेवटी ती आलीच विचारायला. मी मोठ्यानं सांगितलं की ही माझी भाची, आणि खाली माझी बहीण आहे. ती तशीच मागे फिरली आणि भलत्याच कबरीशी जाऊन उभी राहिली. आजवर कधी असं झालं नव्हतं.

फादर टूहीचा क्रॉस कोणी धुतला नाही. कावळ्यांनी वर्षभर त्याच्यावर जे काय केलंय ते तसंच आहे. नवे नायजेरियन फादर एमेका सगळ्या कबरींवर पाणी शिंपडत फिरले, मग मी सांगितल्यावर तसेच चिखल तुडवत किलीनपर्यंतही आले. तिथल्या पोरांना पहिल्यांदाच कोणी आशीर्वाद दिला. आईचा पांढरा दगड डार्लीनला दिला. त्याच्याखाली काही नव्हतं, पण आई तिथे येत होती, म्हणून तिला तो हवा होता. विमानात नेऊ देतील का देव जाणे.

परत येताना त्या उंच क्रॉसपाशी थांबले. तोंडात एवढं जमा झालं होतं, फिंटन, की काय सांगू. आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. मग म्हटलं, या माणसावर हेही कशाला वाया घालवू? तशीच ओठ मिटून गाडीपर्यंत गेले, डार्लीनकडे तपासणीची ती नळी मागितली आणि काठोकाठ भरून दिली. आज सकाळी ती पोस्टात टाकली. यंत्राची चूक नसेल तर महिन्याभरात तिच्या त्या फोनमधल्या वंशाच्या झाडावर रोझमेरीच्या शेजारी माझं नाव लागेल, तुझ्या वरती.

लगेच ये असं म्हणत नाही, पण पुढच्या वर्षी कबरींच्या रविवारी ये. मी गाडीत थांबेन, तू हवा तितका वेळ घे.

लोभ आहेच, तो आता तिघांत वाटून घेऊ.

तुझी मधली बहीण,
ईटा